आधी चुन्यात राहून बघा

त्या सकाळी मी एका बाईच्या स्वयंपाकघरातून सायकल नेली. घर अजून बांधलेलं नव्हतं, म्हणून मला ते दिसलं नाही. दिघाशीहून काम शोधत मी खारबावला आलो होतो. मोकळ्या जागेत खुंट्या ठोकलेल्या, जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेषा आणि त्या रेषांमध्ये चार-पाच बायका उभ्या. मला वाटलं, खेळाचं मैदान आखलंय. मी सरळ चाक घातलं.

"ए सायकलवाल्या! त्या माउलीची चूल मोडलीस ना!"

हे काशिनाथदादांचे मी ऐकलेले पहिले शब्द. घाबरून मी सायकल खांद्यावर घेतली, तर ते पुन्हा ओरडले, "आता भिंतीतनं नको. दार तिकडं हाय." आपण कुणाच्या घरात आहोत हे तेव्हा कुठे कळलं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि दोन खुंट्यांमधल्या दारातून बाहेर पडलो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दादा हसले नाहीत. म्हणाले, "याला घर दिसलं. उद्यापासनं ये."

ते दादा आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्याच बांधकाम कंपनीत मुकादम म्हणून काम करता करता मीही पन्नाशीला आलो. आज त्यांच्यावर लिहायला बसलो आहे, तेही मोठ्या आनंदात. त्याचं कारण पुढे येईलच.

कंपनी सुरू केली दादांच्या वडिलांनी. ते खाडीकाठचे गवंडी. कागदावरचा नकाशा त्यांना वाचता येत नसे. म्हणून ते स्वतः दोरी धरून अख्खं घर चुन्याने जमिनीवर काढत, घरच्या बायकांना बोलावत आणि सांगत, "आधी चुन्यात राहून बघा." बायका फिरत, बसत, खोटा खोटा स्वयंपाक करत. जे खटकेल ते पायाने पुसायचं, नवी रेष ओढायची आणि मगच पाया खणायचा. दादा नकाशा उत्तम वाचत, तरीही त्यांनी ही रीत सोडली नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "कागद मला कळतो. पण राहणार त्या."

एकदा दोन भावांच्या घराची आखणी चालू होती. त्यांची म्हातारी आई सगळ्या खोल्या फिरली आणि मधोमध थांबली. "आन् माजी खाट कुठं रं?" दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. दादांनी विचारलं, "आजी, कुठं पायजे?"

"दाराजवल. कोन आला, कोन गेला, मना कलाया पायजे."

दादांनी स्वतः भिंत पुसली. थोरला म्हणाला, "दादा, हॉल बारका होईल."

"होऊ दे. आईला पडवीत टाकून मोठ्या हॉलात तू बसशील, पण ते पाहुण्यांपुढं शोभेल का?"

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. दादांनी जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या गोणीवर बसवून मला नकाशा शिकवला. पहिला नकाशा समजला तेव्हा मी गावदेवीला नारळ फोडून आलो. "नारळ झाला," दादा म्हणाले, "आता जिना दाखव." मी बोट ठेवलं ते संडासावर. पुढे वर्षभर जिना म्हटलं की सगळी साइट माझ्याकडे बघायची.

तीन वर्षांपूर्वी दादांचे गुडघे गेले. काम त्यांचे चिरंजीव महेंद्रशेठ बघू लागले. ते इंजिनिअर आहेत, सरळ आहेत, कामाला पक्के आहेत. आता फ्लॅटच्या इमारती होतात, आखणी यंत्राने होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "काका, मंजूर नकाशा आहे. बायकांना चुन्यात फिरवून आता काय बदलणार?" मी दादांकडे गेलो की ते विचारत, "आखणी झाली?" मी "झाली" म्हणे. "कोण कोण आलं होतं?" मी सिमेंटच्या भावाचं बोलू लागे. हळूहळू त्यांनी दुसरा प्रश्न विचारणं सोडलं. ते मला फार लागलं. एकदाच म्हणाले, "दोरी तू धर." पण आखणीची दोरी आजवर त्यांच्याच घराण्याच्या हातात राहिलेली. मी कोण धरणारा? मी ते टाळत राहिलो.

यंदा शहरातल्या धामणकर नाक्याजवळच्या इमारतीचा नकाशा तयार झाला, पण मंजुरीला गेला नव्हता. देवपूजा करताना एकदम सुचलं : मंजुरीनंतर बदलता येत नाही ना, मग आधीच करू! तसाच महेंद्रशेठकडे गेलो. "एक फ्लॅट चुन्यात काढू द्या. फक्त एक."

"काका, तुम्ही पण ना! दोन तास देतो."

मी चुन्याची गोणी आणली, खुंट्या ठोकल्या आणि आजूबाजूच्या चाळींतून हाका घातल्या. पंधरा-वीस बायका आल्या, मुलं आली. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या एका कारागिराची बायको स्वयंपाकघरात उभी राहिली. "भैया, पानी का ड्रम कहाँ रखूँ?" महेंद्रशेठ हसले, "ड्रम किचन में थोडे ही रखते हैं?" ती म्हणाली, "साहब, नल दो दिन में एक बार आता है, आप ही बताओ." आणि हातांचं कडं करून ती स्वतःच ड्रम झाली. कुठेही उभी राहिली तरी दार तिच्यावरच आपटणार होतं. सगळ्या खदखदून हसल्या. महेंद्रशेठ हसायचे थांबले. खिशातून पेन काढलं, नकाशावर दाराची बाजू बदलली, मोरी सरकवली. दोन तासांचे चार झाले. जाताना म्हणाले, "काका, उद्या दुसरा फ्लॅट काढा. आणि यापुढे मंजुरीच्या आधी हेच."

या रीतीवर दादांनी आयुष्य घातलं. ती त्यांच्या डोळ्यांदेखत अजून पुष्कळ घरांत पोहोचो, शंभरीच्या मांडवातही त्यांनी आम्हाला असंच रागवावं, एवढंच गावदेवीजवळ मागणं.

त्या संध्याकाळी मी थेट दादांकडे गेलो. कोण कोण आलं, कोण काय बोललं, सगळं सांगितलं. दादा उशीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. मग विचारलं, "दोरी महेंद्रने धरली?"

"नाही दादा," मी म्हणालो. "मी धरली."