घासलेला कोपरा

ज्याला वेल्डिंगचा उंचवटा बघवत नाही, त्याने लोखंडाच्या कामात पडू नये; लग्नाची स्टेजं सजवावीत. गडचांदूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी हे आता कोणाच्याही तोंडावर बोलतो. बोलायचं होतं तेव्हा मात्र बोललो नाही.

भामरागडकडच्या एका गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी लटकून व्यायाम करायची चौकट बसवायची होती. दोन उभे पाइप, वर एक आडवा, संपलं. एवढ्याशा कामावर एक साहेब नेमलेले. इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉप, आणि हाताला जन्मात कधी ठिणगी लागलेली नाही. त्यांनी चित्र दाखवलं. पाइपांची टोकं तिरपी कापायची, टोकाला टोक जोडायचं, वेल्डिंग घासून सपाट करायचं, वर पुट्टी आणि त्यावर चकचकीत निळा रंग. फोटोच्या फ्रेमचा कोपरा असतो तसा. भिंतीवरच्या फ्रेमला कोणी लटकत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं.

मी सांगितलं. पाइप पातळ आहे. लटकणारा माणूस झोके घेतो, प्रत्येक झोक्याला कोपरा उघडायला बघतो, आणि त्याला धरून ठेवणारं वेल्डिंगच तुम्ही घासायला सांगताय. कोपऱ्यात आतून त्रिकोणी पट्टी मारू द्या, माझ्याकडे भंगारात पडलेल्याच आहेत. साहेबांनी ढ पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, पट्टी फोटोत गावठी दिसते. मी ग्राइंडर उचलला आणि माझंच काम माझ्या हाताने घासून टाकलं. साहेबांना निदान कळत तरी नव्हतं. मला कळत होतं, म्हणून जास्त चीड स्वतःचीच येते.

चौकट बसवायला मीच गेलो. जागा एका माडिया म्हाताऱ्याच्या घरासमोरची होती. त्याची नात भरतीला बसणार होती. पळण्यात ती पोरांना मागे टाकायची, पण गोळाफेकीत हात कमी पडायचा, म्हणून लटकायची घाई सगळ्यांत तिलाच. रंगाचं कौतुक सगळ्यांनी केलं. म्हाताऱ्याने मात्र बाजेवरून उठून कोपऱ्यावर बोट फिरवलं, आपल्या अंगणातल्या मांडवाकडे बघितलं आणि म्हणाला, "लाकूड मेढीवर बसते, भाऊ. हे तं बाजूले चिकटवलं."

मेढ म्हणजे वर दुबेळकं, बेचक्यासारखा फाटा, असलेला जंगलातला खांब. त्या दुबेळक्यात आडवं लाकूड ठेवायचं, सालीच्या दोरीने एक बांध घालायचा. ना खिळा, ना बोल्ट. त्याच्या मांडवावर वर्षभराचं भाताचं तणस रचलेलं होतं आणि तो हलत नव्हता. ही अक्कल साहेबांच्या लॅपटॉपात नव्हती. मी म्हाताऱ्याला "बरोबर आहे बाबा" म्हणालो आणि गाडी काढली.

उद्घाटनाचे फोटो झकास आले म्हणे. वरून कीर्तन, आतून तमाशा. पुढे एका सकाळी उजवा कोपरा पुट्टीसकट उघडला, आणि खाली पडली ती म्हाताऱ्याची नातच. उजवं मनगट मोडलं. साहेबांना कळवलं, तर म्हणाले, चौकटीचा वापर चुकीचा झाला असणार. म्हणजे व्यायामाची चौकट, आणि तिच्यावर व्यायाम करणं हा चुकीचा वापर. असल्या माणसाला उत्तर देण्यापेक्षा भिंतीशी बोलावं.

पावसाळा तोंडावर होता. नद्या चढल्या की तिकडचा रस्ता बंद होतो. कोणाला न विचारता मी नवी चौकट केली. उभ्या पाइपाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या जोडल्या, त्यांचं दुबेळकं झालं. आडवा पाइप त्यात बसवला. आता भार वेल्डिंगवर नाही, खांबावर. खालून झोक्याचा जोर पेलायला त्रिकोणी पट्टी. सगळ्या पट्ट्या भंगारातल्या. ग्राइंडरला हात लावला नाही; वेल्डिंग ओबडधोबड, उघडं ठेवलं आणि रस्ता बंद व्हायच्या आत चौकट गावात नेली.

म्हाताऱ्याची नात प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून मी बसवत होतो ते बघत उभी राहिली. काम संपल्यावर तिने विचारलं, "भाऊ, पहिली तुटन हे तुमाले मालूम होतं?"

साहेबांवर ढकलता आलं असतं. पण तिचा आजा समोरच बाजेवर बसला होता. मी म्हणालो, "होतं."

"मंग काऊन बनवली?"

मी पसरलेली हत्यारं गोळा करायला लागलो. ती वरच्या पाइपाकडे बघून म्हणाली, "आधी तुमी लटका."

मी लटकलो. झोके घ्या म्हणाली, तेही घेतले. गावची पोरंपोरी गोल करून उभी होती, कोणी हसलं नाही. कोपरा तसूभर हलला नाही. माझे दंड थरथरायला लागले, तरी ती बस झालं म्हणेना. शेवटी माझेच हात सुटले आणि मी मातीत बसलो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. डाव्या हाताने दोन्ही कोपरे चाचपले आणि बाकीच्यांना एकेक करून लटकायला लावलं.

त्या वर्षीच्या भरतीत तिच्या गावची बाकीची मुलं मैदानात उतरली. ती उतरली नाही.