डावी बाजू उडवणारा दादा

आमच्या दादाला जास्तीचं काही खपत नाही. पलंगावर दोन उशा दिसल्या की एक माळ्यावर गेलीच. दाराची घंटा त्याने काढून टाकली, कारण दार हाताने वाजवता येतं! आईने विचारावं, "जेवायला येणार आहेस का, आणि माझं औषध आणलंस का?" तर हा म्हणणार, "आणलं." मग ताट वाढायचं की नाही, याचा विचार आई करत बसणार. एवढे शब्द वाचवून हा माणूस कुठे साठवतो, देव जाणे.

पोटापाण्यासाठी तो एका कोल्ड स्टोरेजचे प्रोग्राम लिहितो. मीही तिथेच आहे, गोठवणीच्या खोल्यांचं तापमान सांभाळायला. नोकरी मला त्याच्या ओळखीने लागलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्याची प्रोग्रामची भाषा त्याला अगदी शोभून दिसते. सगळा कारभार चिन्हांचा, आणि आकडे शंभर असोत की हजार, एका ओळीत सगळ्यांचा निकाल. जेवताना तो माझ्या ताटाशेजारी बोटाने चिन्हं काढून शहाणपणा पाजळायचा.

"हे वजाचं चिन्ह. दोन्ही बाजूंना काही असलं, की डावीकडच्यातून उजवीकडचं वजा होतं. डावीकडे काहीच नसलं, की उजवीकडचं फक्त उलटं होतं. पाचाचे मायनस पाच. भागाकाराचंही तसंच. डावीकडे आठ, उजवीकडे चार, उत्तर दोन. डावीकडे काही नाही, उजवीकडे चार, तर एकाला चाराने भागायचं. म्हणजे पाव. चिन्ह एक, कामं दोन!"

"आणि डावीकडचं लिहायचंच राहिलं तर?"

"कोणाचं राहील?"

झालं. मी आमटी वाढून घेतली.

आमचे तापमापक जुनाट. ते तापमान दाखवतच नाहीत, नुसता एक आकडा देतात. खोली जितकी गार तितका आकडा मोठा. तो ठरलेल्या विसातून वजा केला की तापमान मिळतं. म्हणून दादाच्या ओळीत डावीकडे वीस, मधे वजाचं चिन्ह आणि उजवीकडे सगळ्या खोल्यांचे आकडे. विसातून अडतीस गेले की पडद्यावर मायनस अठरा. आइसक्रीमला तेवढंच लागतं.

एका दुपारी दादाला साफसफाईची हुक्की आली. तो वीस म्हणे ओळीत उगाच लोंबकळत होता. दुसरीकडे नीट मांडावा म्हणून त्याने तो उचलला, तेवढ्यात चहा आला, आणि वीस मांडायचा राहून गेला. माणूस असता तर विचारलं असतं, बाबा रे, कशातून वजा करू? पण ही पडली गुणाची भाषा! डावीकडे काही नाही? नसू दे. तिने आकडे जसेच्या तसे उलटे केले, आणि माझ्या पडद्यावर सगळ्या खोल्या मायनस अडतीस.

एवढं गार कसं चालेल? मी नियमाप्रमाणे कंप्रेसर मंद करत गेले, संध्याकाळी पडद्यावर मायनस अठरा आले, आणि मी सुस्कारा सोडून घरी गेले. खोल्यांत तेव्हा खरं तापमान शून्याच्याही वर दोन होतं. सकाळी हमालांनी दारं उघडली, तर खोक्यांखालून गुलाबी ओघळ वाहत होते.

मालकांनी दोघांनाही आत बोलावलं.

"कंप्रेसर कोणी मंद केले?"

"मी. पण पडद्यावर मायनस अडतीस..."

"मग पडद्याला कामावरून काढू? उद्यापासून येऊ नका, बाई."

या वयात मला दुसरीकडे दारात कोण उभं करणार होतं? मी दादाकडे पाहिलं. बोल ना रे! हा आपला खिडकीबाहेर बघतोय. सकाळीच चूक शोधून त्याने वीस जागेवर ठेवून दिला होता, हे मला नंतर कळलं. दुरुस्त झालं, मग सांगायचं कशाला!

मी रडवेली होऊन उठले. मालक स्वतःशीच पुटपुटले, "त्या भिकार भाषेला साधी वजाबाकी तरी येते की नाही, कोण जाणे."

दादा ताडकन उठला.

"भाषेला काही बोलायचं नाही!"

आणि मालकांच्याच फळ्यावर त्याने सगळं मांडलं. इथे डावी बाजू, इथे उजवी. मग तळहाताने वीस पुसला. "आता डावीकडे काही नाही. मग तिने आकडे उलटेच करायला हवेत ना? केले! काय चुकलं तिचं?"

"वीस पुसला कोणी?" मालकांनी शांतपणे विचारलं.

"मी. काल दुपारी," दादा म्हणाला. वर छाती फुगवून म्हणाला!

मालकांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही कामाला लागा. आणि तुम्ही, साहेब, घरी जा. कायमचे."

संध्याकाळपर्यंत माझ्या मनात एकच विचार. इतकी वर्षं मी या माणसाला दगड म्हणत आले, आणि त्याने माझ्यासाठी आपली नोकरी घालवली! घरी पोचले तेव्हा आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "बहिणीच्या पाठीशी उभा राहिलास हो, बाळा." मला राहवलं नाही. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडले.

दादा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला.

"पाठीशी कसला? ते भाषेला नावं ठेवत होते."

"अरे, पण हिची नोकरी जात होती ना!" आई म्हणाली.

दादा विचारात पडला. अगदी मनापासून आठवायला लागला.

"हो का?" तो म्हणाला. "ते माझ्या लक्षातच आलं नाही."

मी त्याचे हात सोडले. तो खोटं बोलत नव्हता.