शनिवारचा फोन

अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या इमारतीत मी शनिवारी रिसेप्शनवर बसायचे. वर कर्मठ ज्यूंचं प्रार्थनास्थळ, खाली सुधारणावाद्यांचं. वरचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, सत्तरीचे. खालच्या रब्बी बाई पन्नाशीच्या. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "दोघंही रब्बी? मग खरीप कोण?" इंग्लिश मीडियमच्या मला तो विनोद आठवड्याने कळला.

शनिवार हा ज्यूंचा सब्बाथ, काम न करण्याचा पवित्र दिवस; वरच्या रब्बींना त्या दिवशी विजेचं बटण दाबायचं नसे, आणि दुसऱ्याला तसं सरळ सांगायचंही नसे. ते नुसतं म्हणत, "आज जिना फार काळोखा झालाय." मी ज्यू नव्हते, मी उठून दिवा लावायचे. त्यांच्या पंथात बाईला रब्बी मानत नाहीत, म्हणून बाईंना ते पीएचडीच्या नावाने 'डॉक्टर' म्हणत.

"डॉक्टर, तुमची गिटार वरपर्यंत ऐकू येते."

"मग तुमच्याआधी देवाकडे पोचली असेल."

त्या शनिवारी काचेचं दार फुटलं. एक माणूस हातोडा घेऊन आत आला, ज्यूंना शिव्या देत. बाई माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. पहिला घाव त्यांच्या खांद्यावर बसला, दुसरा कानाच्या वर. मी टेबलाखाली होते. कवटीवर बसलेल्या हातोड्याचा आवाज मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

म्हातारे रब्बी जिन्यावरून धावत आले आणि त्यांनी खुर्ची त्याच्या तोंडावर हाणली. दात फरशीवर पडले. त्यांनी पुन्हा हाणली. वरून आलेले चौघं त्याच्या पाठीवर बसले. एकाने हातोडा धरलेल्या हातावर बूट रोवला, आणि हाड मोडलं.

रब्बींनी प्रार्थनेची शाल बाईंच्या डोक्यावर दाबली. ती लगेच लाल झाली.

"फोन!"

मला वाटलं, दिव्यासारखंच हे माझं काम. मी नंबर दाबायला लागले. त्यांनी फोन हिसकावला.

"आज तू नाही. जीव वाचवायचा असेल तर आम्हीच करायचं. दुसऱ्यावर ढकलायचं नाही."

पलीकडून विचारलं, जखमी कोण?

ते थांबले. "रब्बी," ते म्हणाले. "आमच्या रब्बी."

स्ट्रेचरवर बाईंनी एक डोळा उघडला. "डॉक्टर नाही?"

"डॉक्टर हॉस्पिटलात भेटतील. गप्प पडा."

"वाचतील," ॲम्ब्युलन्सवाली म्हणाली आणि त्यांना घेऊन गेली.

रब्बींनी माझा रक्ताळलेला फोन टेबलावर ठेवला. त्यातून अजून "सर? सर?" ऐकू येत होतं. त्यांनी हात मागे बांधले.

"तुझा फोन चालू राहिलाय वाटतं."

मी लाल बटण दाबलं.