भट्टीवाल्या मॅडम

‘बघू’ म्हणणाऱ्याला भट्टीवाल्या मॅडम सरळ लॅबबाहेर काढायच्या. जालन्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातू तापवायची भट्टी त्यांच्या ताब्यात होती, म्हणून हे नाव. एमटेक करणार का, असं विचारलं की आम्ही हमखास ‘बघू’ म्हणायचो. “बघायला काय सर्कस आली का? हो म्हण, न्हाई तर न्हाई म्हण!” राग यायचा, पण घाबरून का होईना, तोंडातून ‘हो’ निघून जायचं.

एमटेकच्या अर्जाला स्वतःविषयी पानभर लिहून जोडावं लागतं. आमच्याकडे एकच मजकूर दरवर्षी वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे यायचा: ‘लहानपणापासून मला यंत्रांची ओढ आहे.’ मीही तोच उतरवला. मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, “लहानपणी तू पिंपळगाव रेणुकाईत म्हशी वळत होतीस. यंत्र कुठं भेटलं तुला?”

“मंग काय लिहू?”

“नांगराचा फाळ दर साली का झिजतो, म्हणून माझं डोकं खाल्लंस ना? ते लिही. दुसऱ्याचं बालपण कशाला चोरती?”

लिहिलं. दूर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेनं मुलाखतीला बोलावलं, आणि तिथं तासभर फक्त फाळावरच बोलणं झालं.

हे कळताच आमचे मोठे काका कॉलेजात हजर. “मॅडम, पोरीला जवळचंच कॉलेज बराबर हाय. आम्ही पाव्हणे पाहून राह्यलो.”

“पाव्हण्यांची शाखा आमच्याकडं न्हाई,” मॅडम म्हणाल्या आणि भट्टीकडे वळल्या. काकांचा असा पाणउतारा गावात कुणी केला नव्हता. मला मात्र मनातून उकळ्या फुटत होत्या.

प्रवेशाच्या पहिल्या फेरीत जवळच्या कॉलेजातली सीट मिळाली. दूरच्या संस्थेत नाव प्रतीक्षा यादीत. संध्याकाळपर्यंत ही घ्यायची की सोडायची, ते सांगायचं होतं.

“सोड,” मॅडम म्हणाल्या.

“दुसरी आलीच न्हाई तर?”

“तर सालभर माझ्याजवळ काम कर. भिऊन घेतलेली गोष्ट माणूस जन्मभर सोडत न्हाई, पोरी.”

सोडली. घरी काकांनी बोलणं टाकलं. पुढच्या दोन फेऱ्या कोरड्या गेल्या. मॅडमवर मी मनातल्या मनात फार चिडले. चौथ्या फेरीत सीट आली, तेव्हा पेढे घेऊन गेले तर म्हणाल्या, “पेढे काकांना दे. जल्दी निघ, सामान बांध.”

मागच्या वर्षी मॅडम अचानक गेल्या. कॉलेजातल्या शोकसभेला मी आले होते. एक जण म्हणाले, “मॅडम अतिशय शांत स्वभावाच्या. त्यांनी कधी कुणाशी वाद घातला नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते सहन होईना. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, तरी मी उठले.

“खोटं आहे हे,” मी म्हटलं. “त्या भांडायच्या. प्राचार्यांशी, आमच्या घरच्यांशी, माझ्याशीसुद्धा. आमच्यासाठी भांडायच्या. त्यांना आता शांत करू नका.”

कुणीतरी मागून “बसा, बसा” म्हणालं. मी बसले नाही.