बाजाराच्या दिवसाची गोळी

नागपुरातल्या एका लॅबमध्ये मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा तपासते. पांढऱ्या पेशी मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे घरात कुणाला काही झालं की मी जरा शहाणपणा शिकवतेच, आणि सगळे मुकाट्याने ऐकून घेतात.

मोहाडीजवळच्या आमच्या गावात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आई सगळ्या बायांच्या पुढे असायची. एका वर्षी तिच्या हातातून धानाच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, पेंढी निसटायला लागली. सकाळी बोटं सुजून ताठ झालेली, मूठ मिटायची नाही. ती चिखलाला दोष देत राहिली आणि मोहाचं तेल चोळत राहिली. शेवटी मी तिला जवळजवळ ओढतच भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. संधिवात निघाला.

परतताना एसटीत मी तिला समजावलं. अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, बाहेरचे जंतू आले की त्यांच्यावर तुटून पडतात. तुझ्या पेशी चुकल्या आहेत, सांध्यांच्या आतल्या अस्तरालाच परकं समजून बसल्या आहेत, म्हणून ही सूज. आई बोटांकडे पाहत म्हणाली, "माह्याच अंगात राहून मलेच नाही ओळखत का बाई त्या?"

मी उगाच पिशवीतली औषधं चाळत बसले.

त्या पेशींचा जोर कमी करणारी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. जास्त झाली तर राखणच उठून जाते. आईला वाचता येत नाही, म्हणून मी युक्ती काढली: बाजाराच्या दिवशी गोळी. आमचा बाजार मंगळवारचा. युक्तीवर मी भलती खूश होते. तीन महिन्यांत सूज उतरली, आई पुन्हा भाकरी थापायला लागली.

मग ती लाखनीकडे मावशीच्या गावी महिनाभर राहायला गेली. परतली ती तापाने फणफणलेली, तोंडभर फोड, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. गोळ्या मोजल्या तर उरायला हव्या होत्या त्याच्या निम्म्याहून कमी. मावशीच्या गावचा बाजार शुक्रवारी भरतो. आईने मंगळवारी आपल्या बाजाराची गोळी घेतली होती आणि शुक्रवारी तिथल्या बाजाराची. मी कपाळाला हात लावला, तेव्हा ती अपराध्यासारखी म्हणाली, "तूच तं म्हनली होती, बाजाराच्या दिवशी चुकवू नोको."

डॉक्टरांनी गोळी थांबवून तिला दाखल करून घेतलं. तिच्या रक्ताची काच आमच्याच लॅबमध्ये आली, ती मीच पाहिली. ज्या पेशींवर मी इतके महिने दात खाऊन होते, त्यांनाच शोधत होते. काच सरकवत जायचे, तेव्हा कुठे एखादी दिसायची. माझ्या आईला सोडून जाऊ नका, असं मी त्यांना मनात विनवलं. चूक माझी होती आणि भोगत होती आई.

पेशी हळूहळू परतल्या, आणि त्यांच्याबरोबर सूजही. गोळी पुन्हा सुरू करायची म्हटल्यावर मीच घाबरले. आई नाही घाबरली. गोळ्यांचा डबा तिने जवळ ओढला आणि म्हणाली की आता बाजारबिजार नको, तू फोन करशील तेव्हाच घेईन.

तेव्हापासून दर मंगळवारी संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल करते. आई आधी तोंड उघडून जीभ दाखवते, फोड नाहीत ना ते मी बघते. मग माझ्यासमोर गोळी घेते आणि शेवटी मूठ मिटून दाखवते, जितकी मिटेल तितकी.

यंदा रोवणीच्या आठवड्यात तिने फोन बांधावरूनच उचलला. जीभ दाखवली, पदराच्या गाठीतली गोळी घेतली. मग हात वर केला. चिखलाने माखलेल्या मुठीत पऱ्ह्यांची पेंढी घट्ट धरलेली होती.

"ओळखलं वाटते त्या पेशीईनं मले," आई म्हणाली.