अर्धवट बागेचा राखणदार

आमची बागवाली आत्या कॉम्प्युटरसमोर बसायची ती पदर खोचून. मी म्हणायचो, "आत्या, इथे चिखल नाहीये." ती म्हणायची, "नसू दे. लोंबत्या पदराने बागेत जाऊ नये."

ही बाग गेममधली. खरी हापूसची बाग पावस गावात होती, आत्याने एकटीने सांभाळलेली. भावांनी ती विकली, आणि त्यात माझे बाबाही आले. आत्या अशी संतापली की बांधावरच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ न ठेवता तडक रिक्षात बसली आणि दुसरं घर नव्हतं म्हणून रत्नागिरीला आमच्याच फ्लॅटवर आली. आमच्याकडे राखणदाराचा निरोप घेतल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. ते तिला आतून खात होतं, पण पावसचं नाव निघालं की बाईसाहेब उठून गॅलरीत.

त्या शेतीच्या गेमची मी कित्येक वर्षं चातकासारखी वाट पाहिली होती. कंपनीने डोंगर, नदी, फळबागा काय काय कबूल केलं होतं. हाती आलं ते अर्धवट. नदी मध्येच संपायची, पाऊस पडायचा पण जमीन भिजायची नाही. जगभरचे चाहते इंटरनेटवर कंपनीला शिव्या घालत होते, त्यात मी पुढे. आत्या मागे उभी राहून म्हणाली, "अर्ध्या कच्च्या भातावर पंगत बसवली मेल्यांनी. पण शिव्यांनी खत पडत नाही हो. सरक जरा."

गेममध्ये आपल्या मनाने बदल करायला, म्हणजे मॉडिंगला, कंपनीने एक टूल दिलं होतं. त्यात वस्तूंचे रंग आणि नावं बदलता येत, बाकी नन्नाचा पाढा. आत्याने सफरचंदं पिवळी-केशरी करून त्यांचा हापूस केला. मोहोर मात्र काही केल्या येईना. "मोहोर नाही, तुडतुड्याची कीड नाही आणि बारा महिने फळ. ह्याला आंबा म्हणायला आंब्याने काय पाप केलंय?" असं रोज म्हणायची आणि रोज बसायची. झाडांना नावं मात्र पावसची दिली: विहिरीवरचा, वाकडा, आजोबांचा.

मग एक दिवस कंपनीने जाहीर केलं, पुढचं काम होणार नाही, आहे तो गेमही आठवड्याभरात बंद. माझा नुसता तिळपापड झाला. आत्याने हळूच विचारलं, "ही पण विकली?"

"विकली नाही गं. सोडून दिली."

"मग निघताना सांगायला हवं."

तिने टूलमध्ये एका भोपळ्याला तपकिरी रंग देऊन त्याचं नाव नारळ ठेवलं. जिथे जमीन संपून नुसता करडा पडदा सुरू व्हायचा, तिथे मी तो नेऊन ठेवला. आत्या उठून उभी राहिली, मॉनिटरला हात जोडले आणि गाऱ्हाणं घालू लागली.

"बा राखणदारा म्हाराजा, जागा अर्धवट होती, तरी तू सांभाळलीस. ज्यांनी ती सोडली त्यांना हातचं काम पुरं करायची बुद्धी दे."

गाऱ्हाण्याला गावात सगळे मिळून साथ देतात, इथे घरात मी एकटाच. हसू दाबत म्हणालो, "होय म्हाराजा."

"आणि रागाच्या भरात मी न सांगता निघाले, ते पोटात घाल." माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मीही हात जोडले आणि म्हणालो, "होय म्हाराजा."

ती खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "उद्या सकाळी रिक्षा सांग. पावसला जाऊन येऊ. आणि नारळ खरा घे."