लिफ्टचं गाऱ्हाणं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते तरी मला कुठे नीट कळलंय?

सुरुवात एका विनोदी मालिकेपासून होते. हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, मालिका बघून तसंही कुणी हसलं नव्हतं. मंगल कार्यालयाच्या भांडखोर मॅनेजरची ती जुनी मालिका मला तोंडपाठ होती. संगमेश्वरकडच्या आमच्या गावात 'टीव्हीवरचं त्याला विचारा' अशी माझी ख्याती. देवरूखला दुकान चालवून दुसरी काही मिळवता आली नाही. तर बऱ्याच वर्षांपूर्वी ती मालिका पुन्हा सुरू झाली. मी शेजाऱ्यांना बोलावून बसवलं. आणि काय बघितलं? तेच नट, केस रंगवलेले, पोटं सुटलेली. मॅनेजर आता भांडायचाच नाही, उपदेश करायचा! प्रत्येक वाक्यामागे विकतचं हसू. पहिल्या जाहिरातीतच शेजारी एकेक करून उठून गेले. असा संताप आला म्हणून सांगू — घरच्याच माणसाने चारचौघांत लाज काढावी तसा.

त्याच आठवड्यात दुसऱ्या वाहिनीवर एक नवी मालिका लागली. मुंबईतली सोसायटी, सारखी बंद पडणारी लिफ्ट. कोकणातून आलेला म्हातारा लिफ्टपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, 'बा लिफ्ट म्हाराजा, सातव्या माळ्यावरच्या लेकरांना सांभाळून ने' — आणि जिन्यातले सगळे ओरडतात, 'व्हय म्हाराजा!' मी देवरूखच्या घरात एकटाच होतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग नावं आली. लेखक — आमच्या वाडीतला सुधीर.

हसू तिथेच थांबलं. कारण तो विनोद — कसं सांगू? — आम्हा दोघांचा होता. शाळेत असताना एसटी आली नाही की आम्ही रस्त्यात उभे राहून तिला गाऱ्हाणं घालायचो. तो घालायचा, मी 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. देवाची चेष्टा कधी मनातही आली नव्हती. आता त्याचं नाव टीव्हीवर, आणि मी त्या भिकार मॅनेजरची वकिली करत बसलेला. जळलो. दुसरा शब्द नाही.

शिमग्याच्या तोंडावर गावकर दुकानात आले. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. म्हणाले, "सुदीरची शिरियल कशी हाय रं? आमच्याकडं दिसत नाय ती."

छान आहे, म्हणायला किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, "देवाच्या गाऱ्हाण्याची टिंगल केलीय त्यानं."

एवढंच. पुढचं गावाने केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. गावकी बसली. मालिका बघितलेला मी एकटा, म्हणून पुन्हा मलाच विचारलं. तिथे सगळं सावरता आलं असतं. मी हो म्हणून मान हलवली. सुधीर मुंबईहून फोनवर समजावत राहिला, कुणी ऐकलं नाही. देवीची पालखी सुधीरच्या घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरणार नाही, असं ठरलं.

वर्षातून एकदा देवी घरी येते हो! सुधीर आणि त्याचे वडील मुंबईत, घरी त्याची आई, आमची काकी, एकटी. तिने खळं सारवून रांगोळी घातली होती, ओटीचं ताट घेऊन पायरीवर उभी होती. ठराव तिला कळला होता, तरीही. ढोल तिच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकापाशी, आले आणि पुढे गेले. त्या वेळी पालखीचा दांडा माझ्या खांद्यावर होता. मी पाय उचलला तसा पुढचा पाय पडत गेला.

दुपारी तिच्याकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो — की नव्हतो?

"तू त्येचा दोस्त," काकी म्हणाली. "तुला तरी ठाव आसंल. कुनी कान भरलं रं गावाचं?"

"मुंबईकरांपैकी कुणीतरी असेल, काकी."

तिने खण-नारळ माझ्या हातात दिला. "तू तरी आलास. तूच ठेव जा देवीपुढं."

मी नेऊन ठेवला. काकी जाईपर्यंत पालखी तिच्या खळ्यात उतरली नाही. दर शिमग्याला तिची ओटी मीच न्यायचो, आणि निघताना ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची.